मुळं एकीकडे, टोकं एकीकडे

नाशिकला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, त्र्यंबकला गेला होता का, आणि मग विचारतात, द्राक्षं आणली का. मी दोन्ही केलं नाही. मी नाशिकला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीची गुंतवळ सोडवत बसले. विंचरताना फणीत अडकून येतात त्या केसांचे गुंडे म्हणजे गुंतवळ. एवढ्यासाठी कुणी इचलकरंजीहून नाशिक गाठतं का, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येकीनं विचारून झालं आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझी सगळी नोकरी सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत गेली. धागा जाळून बघायचा, ताणून तोडायचा, भिंगाखाली धरायचा. घरातली माणसं चेष्टा करायची की हिला साडी दिली तर नेसायच्या आधी दोरा उपसून बघेल. खोटं नाही ते.

माझी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लग्न होऊन नाशिकजवळ मखमलाबादच्या एका मळ्यात पडली. घरची फुलशेती. पहाटे कळ्या तोडायच्या, गजरे करायचे आणि दुपारनंतर रविवार कारंजाजवळच्या एका कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायचं, हे तिनं जन्मभर केलं. तिची बसायची एक तऱ्हा आहे. बाकीच्या गजरेवाल्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून हाका मारतात. आक्का रस्त्याकडे पाठ करून बसते आणि हाक मारतच नाही. तिचा मनगटाएवढा जाड अंबाडा आणि त्यावर माळलेला ताजा गजरा, हीच तिची जाहिरात. बायका मागून येतात आणि म्हणतात, तुमच्या डोक्यावर आहे तसला द्या.

गेल्या पावसाळ्यात आक्काला चाई लागली. आधी कानामागे एक गोल चट्टा पडला, मग दुसरा, आणि दिवाळीपर्यंत डोक्यावर एक केस राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, परत येतील किंवा येणारही नाहीत. तेव्हापासून तिची सून रोहिणी टोपली घेऊन जाते आणि आक्का मळ्याबाहेर पडत नाही. फोनवर म्हणायची, "मी इथंच बरी हाय." ती बरी नव्हती. तिला पुन्हा त्या कोपऱ्यावर बसवल्याशिवाय परतायचं नाही, असं मी बॅग भरतानाच ठरवलं होतं.

मखमलाबाद

आक्का दारातच होती, कपाळापर्यंत स्कार्फ ओढलेला. पूर्वी ती आधी मला गच्च धरायची. या वेळी स्कार्फ सरकेल म्हणून दोन पावलं मागंच राहिली. "उन्हाची आलीस सुमे," एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कुणाचा ते कळेना.

जेवायला बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्यातली शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. आमच्याकडे तिखट म्हणजे लालभडक. इथलं तिखट काळं, दिसायला सोज्वळ, आणि नंतर कानातून निघतं. मी नाक पुसत असताना रोहिणीनं एक खोका पुढे केला.

"मावशी, तुम्हीच सांगा आत्यांना. ह्यांनी एवढा टोप मागवला, त्या हात लावीत नाय."

खोक्यावर छापलं होतं, अस्सल मानवी केस. मी एक केस उपसला आणि गॅसवर धरला. तो आक्रसला, टोकाला काळा मणी झाला आणि प्लास्टिकची पिशवी जळल्यासारखा वास सुटला.

"नायलॉनचा भाऊबंद आहे," मी म्हटलं.

"मला वाटलंच," आक्का म्हणाली. "घातला की डोक्यात भट्टी पेटती."

"मग खऱ्या केसांचा करून घेऊ."

"नको. कुठली बाई, कशापायी तिनं केस दिले, काय ठावं. दुसऱ्या बाईचे केस मला नाय चालायचे."

इथं माझी नजर दारामागच्या खुंटीकडे गेली. तिथं एक फुगलेली कापडी पिशवी होती. मळ्यावर पूर्वी केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाया यायच्या. आक्का वर्षानुवर्षं गुंतवळ साठवायची आणि त्या आल्या की पातेलं लहान आहे म्हणून परत पाठवायची. मोठ्या पातेल्याच्या हट्टापायी पिशवी भरत गेली. मग त्या बायाच यायच्या बंद झाल्या.

मी पिशवीतला एक केस गॅसवर धरला. तो चर्रकन जळला, पिसं जळल्यासारखी घाण आली आणि बोटात चिमूटभर राख चुरगळली. ही घाण गंधकाची. केस हे प्रथिन आहे, नखांचं आणि शिंगांचं भावंडच. त्याच्या साखळ्या दोराच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्या पेडांना जागोजाग गंधकाचे टाके घातलेले असतात. म्हणून केस खुंटीवर वर्षानुवर्षं लटकला तरी सडत नाही.

"हे खरे आहेत," मी म्हटलं. "आणि तुझेच आहेत. ह्यांचा टोप करू."

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरावर विमान उतरवायचं म्हणाले आहे.

ड्रेपरीचं दुकान

दुसऱ्या दिवशी मूठभर गुंतवळ घेऊन आम्ही दोघी शहरात गेलो. आक्का कशी आली विचाराल, तर मी रिक्षा दारात आणून उभी केली आणि तिची चप्पल बाहेर नेऊन ठेवली. जाताना मिसळ खाल्ली. मिसळीबरोबर पापड आणि दही आलं. आमच्या भागात मिसळीला पापड मागितला तर मालक घरी लग्न आहे का विचारेल. पण रस्सा चांगला होता, मान्य करावं लागतं.

जगतापकाकांचं दुकान नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगना पोशाख भाड्यानं देतं. टोप, दाढ्या, मिशा ते स्वतः बांधतात. भिंतीवर राजांच्या मिशा ओळीनं टांगलेल्या आणि खाली एका खुर्चीत दहा तोंडांचा पुठ्ठ्याचा रावण. आक्का रावणाशेजारी बसली, ती जागा सगळ्यात कमी उजेडाची होती.

काकांनी गुंतवळ हातात घेतली आणि नाक मुरडलं. "ताई, ह्याचा टोप होत नाही. ह्यात मुळं-टोकं सगळी उलटीपालटी झालीयेत. आज टोप बांधला तर आठ दिवसांत त्याचं घरटं होईल."

"खवल्यांमुळे," मी म्हटलं.

"बरोबर. तुम्ही पार्लरवाल्या का?"

"सूतगिरणीवाली."

मग आमची गट्टी जमली. केसाच्या अंगावर कौलांसारखे बारीक खवले असतात, सगळे मुळाकडून टोकाकडे उतरते. डोक्यावरचे केस एकाच दिशेचे असतात म्हणून एकमेकांवरून सुळकन सरकतात. एक केस उलटा ठेवला की कौलात कौल अडकतं आणि गाठ बसते. काकांचा उपाय सोपा होता. गुंतवळ तेजाबाच्या पाण्यात बुडवायची, खवले झडून जातात, मग केस कसेही लावा.

"आणि वरून चकाकीचा लेप," मी म्हटलं. "तो चार धुण्यांत उतरला की?"

"की झाडू," काका मोकळेपणानं म्हणाले.

"मला झाडू नको. तेजाब लावायचं नाही. मी प्रत्येक केसाचं मूळ एका बाजूला लावून आणते. मग बांधाल?"

त्यांनी मूठभर गुंतवळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकेक केस?"

"एकेक."

"आणा तर खरं," ते म्हणाले. आवाजात विश्वास औषधालाही नव्हता. पण टोप कसा करायचा ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. जाळीच्या टोपीला कपाळाच्या आणि मानेच्या कडेनं केस गाठवायचे, सगळे मागे ओढून अंबाड्यात घ्यायचे, म्हणजे थोड्या केसांत डोकं झाकतं.

परतताना रामकुंडावरून गेलो. पायऱ्यांवर मुंडनं चालली होती आणि चकाकती डोकी उन्हात रांगेनं बसली होती. आक्का बराच वेळ बघत राहिली. "मी हितं बसले तर कोण माझ्याकडं बघायचं पण नाय," म्हणाली आणि हसली. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, तरी मला ते हसू आवडलं नाही. तिला कुणीच बघू नये अशी जागा मी शोधत नव्हते.

नमदा

घरी आलो तर रोहिणी मोरीजवळ उभी, चेहरा पांढराफटक. आम्ही येईपर्यंत मदत करावी म्हणून तिनं निम्मी पिशवी रिकामी केली होती. केस धुळकट आणि तेलकट वाटले. मग तिनं ते कढत पाण्यात, कपड्याच्या साबणात भिजवले आणि दगडावर चांगले चोळून काढले, जसे ह्या मळ्यात कपडे निघतात तसे. बादलीत एक काळा घट्ट गोळा होता.

लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात चोळला की आखडतो, ते ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको. गरम पाण्यानं खवले उभे राहतात, साबणानं केस घसरतात आणि चोळलं की ते एकमेकांत शिरून कायमचे अडकतात. घोड्याच्या पाठीवर टाकायचा नमदा लोकरीचा असाच करतात. रोहिणीनं माझ्या बहिणीच्या केसांचा नमदा केला होता.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बरंच बोलले. रोहिणी रडायला लागली. आक्का बादलीपाशी वाकली, गोळा उचलून पिळला आणि दोरीवर वाळत टाकला.

"धुतलेच ना तिनं? जाळले तर नाय," ती म्हणाली. "सुमे, तू आधी च्या पी."

चहा पिऊन झाल्यावर मी उरलेली पिशवी ओट्यावर ओतली. निम्मे तर निम्मे. मी एवढ्या लांबून गोळा बघायला आले नव्हते.

ओट्यावर

पुढचे दिवस एकसारखे गेले. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या तोडायच्या, उन्हं चढली की ओट्यावर पांढरं धोतर पसरून केसांना बसायचं. थंड पाण्यात थोडा शाम्पू, त्यात गुंतवळ नुसती बुडवून ठेवायची, चोळायची नाही. ओलसर असतानाच टोकाकडून बोटांनी मोकळी करायची. फणीत आलेल्या केसाच्या मुळाशी मोहरीहूनही बारीक पांढरा ठिपका असतो, तो दिसला की काम झालं. ज्यांचा ठिपका झडला होता ते केस अंगठा आणि बोट ह्यांच्यात धरून लांबीनं चोळायचे. केस आपोआप सरकत जातो, आणि सरकतो तो मुळाच्या दिशेनं, कारण उलटं जायला खवले त्याला देत नाहीत.

पहिल्या सकाळी माझे डोळे पाणावले, मान अवघडली आणि हातात जेमतेम शेपटीएवढे केस. मनात म्हटलं, जगतापकाका हसणार. पण हटले असते तर आक्कानं स्कार्फ आणखी खाली ओढला असता.

रोहिणी दोन दिवस लांबूनच बघत होती. मग एका दुपारी टोपली घेऊन निघण्याआधी माझ्याशेजारी बसली. एक केस उचलला, दोन बोटांत चोळला, आणि म्हणाली, "मावशी, हे तर देठं लावण्यासारखंच हाय."

खरंच तसंच होतं. गजऱ्याला कळ्यांचे देठ एका बाजूला लावायचे आणि दोऱ्याचा फास टाकत जायचं, हे ह्या दोघींचे हात झोपेतही करतात. मी एकेक केस धरून बसले होते. रोहिणी पाच-सहा केस जुळवायची, आक्का मुळाशी गजऱ्याचा फास टाकायची, आणि झुपका बाजूला. माझ्या ध्यानात हे आधी यायला हवं होतं. त्यानंतर कामाला असा वेग आला की मला चहा करायला पाठवू लागल्या.

पिशवीच्या तळाशी केस बदलले. आक्काचे केस जाड आणि सरळ, काळे. हे पांढरे, तलम, आणि हातात धरले की वळायचे. केस आडवा कापला तर सरळ केस गोल दिसतो आणि कुरळा चपटा. चपट्याला वळावंच लागतं. माझे स्वतःचे केस असेच आहेत. आमच्या घरात असे केस आणखी एकाच बाईचे होते.

"आक्का, हे तुझे नाहीत."

तिनं हातातला दोरा खाली ठेवला. आमची आई शेवटची काही वर्षं तिच्याकडेच होती.

"तिची वेणी मीच घालीत व्हते," आक्का म्हणाली. "फणीतले कुठं टाकणार? माझ्यात टाकले."

मी ते केस हातात घेऊन बसले. माणूस जाऊन इतका काळ लोटला आणि तिच्या केसाचा वळसाही सुटला नव्हता. गंधकाच्या टाक्यांचं आयुष्य मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्या दुपारी मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"वेगळे काढू?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"कशापायी?"

"तूच म्हणालीस ना, दुसऱ्या बाईचे नकोत."

आक्का माझ्यावर डाफरली. "आई दुसरी बाई कधीपास्नं झाली गं?"

आणि तिनं ते पांढरे केस आपल्या काळ्यांबरोबर जुळवून फास टाकला.

पुन्हा रावणाशेजारी

जगतापकाकांनी झुपके उलटसुलट करून पाहिले, एकावर बोट मुळाकडे ओढलं, टोकाकडे ओढलं, आणि लगेच जाळीची टोपी काढायला घेतली. त्यांच्याकडून हीच सगळ्यात मोठी शाबासकी असावी. कडेचे केस गाठवायला त्यांना बरेच दिवस लागले. आम्ही अधूनमधून जात राहिलो. आक्का आता चप्पल स्वतः घालत होती.

"पांढरे मधेमधे दिसतात," काका म्हणाले. "कलप लावून टाकू?"

मी सांगायला लागले की कलपातला अमोनिया खवले उघडतो, रंग आत जाऊन फुगतो... पण आक्कानं मला थांबवलं.

"माझ्या वयाला काळाभोर अंबाडा? लोकं म्हणतील, ड्रेपरीतून आणला."

"मग कुठून आणताय ताई?" काका म्हणाले, आणि आक्का पदर तोंडाला लावून हसली.

अडचण शेवटी आली. केस डोक्यापुरते झाले, पण अंबाडा सुपारीएवढा दिसत होता. काका म्हणाले, आत कापूस भरू, नाहीतर काथ्या. आक्कानं पिशवीत हात घातला आणि रोहिणीचा तो वाळलेला काळा गोळा बाहेर काढला.

"ह्यो भरा. माझेच हायेत."

गोळा असा चपखल बसला की काकांनी मान डोलावली. त्यावरून केस ओलसर करून गुंडाळले आणि कापड बांधून वाळू दिले. ओला केस वळवावा तसा वळतो आणि ज्या आकारात वाळतो तो आकार धरून ठेवतो. रोहिणी सोबत आली होती. ती त्या अंबाड्याकडे बघत राहिली आणि मग हळूच माझ्या हाताला हात लावला. मी तिच्यावर ओरडले होते त्याचं ओझं माझ्याही मनातून तेव्हाच उतरलं.

रविवार कारंजा

मी परतायच्या आदल्या दिवशी आक्का टोपली घेऊन निघाली. डोक्यावर काळे-पांढरे केस, मागे अंबाडा, अंबाड्यावर मोगऱ्याचा भरघोस गजरा. रिक्षात तिनं वाटभर कपाळाची कड चाचपली. रोहिणी आणि मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो.

आणि आक्का बसली ती रस्त्याकडे तोंड करून.

बाजूच्या गजरेवाल्या हाका मारत होत्या. आक्काला हाका मारायची सवय नाही. ती नुसती बसून राहिली, पाठ भिंतीला घट्ट लावून, अंबाडा भिंतीकडे दडवून. बायका येत होत्या, शेजारणीकडून गजरे घेऊन जात होत्या. ओल्या फडक्याखाली टोपली तशीच भरलेली.

"मी जाऊन सांगते," रोहिणी उठली.

मी तिला खाली बसवलं. चप्पल दाराबाहेर नेऊन ठेवता येते. हे मला करता येणार नव्हतं. सगळा प्रवास मी हट्टानं ओढत आणला होता आणि आता मला फक्त बघायचं होतं.

आक्कानं फडकं भिजवलं. पुन्हा पसरलं. पदर सारखा केला. मग टोपली उचलली, बसायचं पोतं ओढून फिरवलं, आणि रस्त्याकडे पाठ करून बसली. सगळ्या बाजाराच्या डोळ्यांसमोर तो अंबाडा, आमच्या तिघींच्या बोटांनी जुळवलेला, आत सुनेची चूक आणि वर आईचे पांढरे वळसे घेऊन.

कॉलेजातली असावी अशी एक मुलगी चालता चालता थांबली. मैत्रिणीला तिनं हातानं थांबवलं आणि मागून वाकून म्हणाली, "मावशी, तुमच्या अंबाड्यावर आहे ना, तसलाच द्या."

"कसला?" आक्कानं मागे न वळता विचारलं. "नीट बघून सांग."

आणि तिनं मान आणखी थोडी खाली वाकवली.